मासे कधी आणताय?

मराठी माणसाला रिकामी जागा बघवत नाही. एसटीत रिकामी सीट दिसली की तो खिडकीतून रुमाल टाकतो, सातबाऱ्यावर रिकामा गुंठा दिसला की भावावर दावा टाकतो, आणि लग्नाला वर्ष होऊनही पाळणा रिकामा दिसला की मुलीच्या आईसमोर हळूच प्रश्न टाकतो. पण या सगळ्यांहून जास्त अस्वस्थ करणारी रिकामी जागा मला अलीकडे सापडली. काचेची टाकी घ्या, तिच्यात वाळू अंथरा, दगड मांडा, पाणी भरा, दिवा लावा, फिल्टर चालू करा आणि मासे तेवढे आणू नका. मग ओटीवर बसून राहा. वाडी आपोआप तुमच्याकडे येते.

त्यात आमचं गाव पोफळी. चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. इथल्या माणसाला पाण्यातलं कळत नाही असं म्हणायची सोयच नाही. महाबळेश्वरात उगवलेली कोयना निमूटपणे कराडला जाऊन कृष्णेला मिळायची आणि बंगालच्या उपसागराची वाट धरायची. तिला वर अडवलं, सह्याद्रीला आरपार भोक पाडलं आणि तिचं पाणी आमच्या बाजूला आणलं. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून ते पोफळीच्या डोंगराच्या पोटातल्या वीजघरात उतरतं आणि चाकं फिरवतं. 1962 पासून हे चाललं आहे. पुढे तेच पाणी कोळकेवाडीच्या धरणात, तिथून अलोऱ्याच्या वीजघरात, मग वाशिष्ठीत आणि शेवटी दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात. त्यामुळे इथे घरटी एखादा तरी माणूस बोगद्यात, जनित्रावर नाहीतर कॉलनीच्या कॅन्टीनमध्ये घाम गाळून आलेला. अशा गावात मी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी आणली आणि जाहीर केलं, की मासे इतक्यात नाहीत.

दुकानदाराची या बाबतीत मतं स्वच्छ होती. टाकी घ्या, मासे आजच घेऊन जा. पाणी म्हणजे पाणी, त्याला काय मुहूर्त लागतो? गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत येतं, तोंड पाडून सांगतं की सगळे उलटे झाले, आणि नवे मासे घेऊन जातं. हा धंदा वर्षानुवर्षं नीट चालतो, आणि त्यात दोन्ही बाजूंचं समाधान होतं. माशांचं मत कुणी घेत नाही.

वास्तविक मुद्दा साधा आहे. मासा पाण्यात राहतो, तिथेच जेवतो आणि बाकीचे विधीही तिथेच उरकतो. कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत जाणार कुठे? उलट मासाच त्यात होरपळतो. निसर्गाने यासाठी माणसं नेमली आहेत. एका जातीचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच, माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशाला बऱ्यापैकी सोसवतं. ही सगळी मंडळी फिल्टरच्या स्पंजावर, वाळूच्या कणांवर वस्ती करून राहतात. नव्या टाकीत त्यांच्यापैकी कुणीही नसतं. त्यांना येऊन, बिऱ्हाड थाटून, संसार वाढवायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे आणायचे नाहीत. मासे सगळेच पाळतात; त्याआधी पाणी पाळावं लागतं, आणि ते पाळताना बघण्यासारखं काही नसतं.

हे काही आजचं ज्ञान नाही. 1877 साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंत्स या दोघांनी वाळू आणि चुनखडीच्या थरातून गटाराचं पाणी हळूहळू सोडलं. वीस दिवस काहीही झालं नाही. अमोनिया जसा जायचा तसा बाहेर यायचा. मग अचानक नायट्रेट दिसायला लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तसं ते थांबलं, तेव्हा कळलं की हे काम कुणीतरी जिवंत प्राणी करतोय. पुढे 1890च्या सुमारास विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. मला या सगळ्यात थोर वाटतात ते मधले वीस दिवस. पोफळीत असते तर त्यांना पाचव्या दिवशीच कुणीतरी म्हटलं असतं, "काय साहेब, गटाराचं पानी गाळून काय मिळालं?"

आमच्याकडे पहिले आले ते शेजारचे काका. जनित्रांच्या हॉलमध्ये उभी नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा सावरला, पट्टी मागवली, टाकी मोजली.

"काठोकाठ भरली तर 190 लिटर. म्हणजे पाण्याचंच वजन 190 किलो. वाळू, काच वेगळी. स्टँड कुणी केला?"

स्टँडची वेल्डिंग तपासून झाल्यावर ते कागद घेऊन बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "असल्या जवळपास पंधरा कोटी टाक्या भरल्या की एक टीएमसी होतो." ही माहिती मला कुठे वापरायची ते कळलं नाही, पण तुळशीचं पान पडल्यासारखं टाकीला पूर्णत्व आलं. मग त्यांनी फिल्टरकडे बोट केलं. "डिस्चार्ज किती?"

"तासाला सहाशे लिटर."

"आणि तेच पाणी पुन्हा वर? वापरून झालेलं अवजल सोडतच नाही?"

"अजून तरी नाही."

"म्हणजे उदंचन," काका समाधानाने म्हणाले. त्यांच्या दृष्टीने टाकीला नाव मिळालं, आता ती समजण्यासारखी झाली.

महिनाभर मासे आणणार नाही हे ऐकून काका चिडतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. "बरोबर आहे," ते म्हणाले. "कोयनेच्या चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग आठवतंय का? 13 मार्च 1999. तळ्याच्या पोटाखालून बोगदा खणून आधीच तयार ठेवला होता. मधे राहिला होता खडकाचा एक पडदा. तो एका सुरुंगात उडवला आणि पाणी आत आलं. तयारी वर्षानुवर्षांची, काम काही सेकंदांचं. 2012 च्या एप्रिलात पुन्हा तसंच. तुमचे मासे सोडायला किती वेळ लागेल?"

"पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायची, मग सोडायचे."

"अर्ध्या तासाच्या कामाला महिन्याची तयारी. कमीच आहे."

त्या दिवसापासून काका टाकीचे सल्लागार अभियंता झाले. त्यांनी टाकीचा एक उपयोगही शोधून काढला, जो कुठल्याच पुस्तकात नाही. आमच्या भागाला भूकंप नवा नाही. 11 डिसेंबर 1967 ची पहाट बघितलेली माणसं अजून आहेत, आणि बारीकसारीक धक्के तर येऊन-जाऊन असतात. पण बारीक धक्का बसला की नाही यावर दर वेळी वाद. आता रोज सकाळी काका फाटकातूनच विचारतात, "रात्री पाणी हललं काय?" मासे असते तर पाणी माशामुळे हललं की जमिनीमुळे, हे सांगता आलं नसतं. भूकंपमापनासाठी रिकामी टाकीच बरी, असं काकांचं ठाम मत झालं आणि ते मासे आणायच्या विरोधात गेले.

आशाताईंचं मत नेमकं उलटं. त्या डेंग्यूच्या सर्वेक्षणाला आल्या होत्या. पिंप, टायर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, सगळं विजेरीने बघून झाल्यावर त्यांचा प्रकाशझोत टाकीवर पडला आणि तिथेच थबकला.

"दादा, हे साचलेलं पाणी आहे."

"फिरतंय ना ताई, फिल्टर आहे."

"कधी भरलंय?"

मी खरं सांगितलं. ताईंचा चेहरा बदलला. दर आठवड्याला एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची, हे त्या गावाला किती वर्षं पढवताहेत, आणि इथे एक शिकलेला माणूस महिनाभर पाणी न बदलण्याचं व्रत घेऊन बसलाय! त्या अळ्या मारणारं अबेट टाकायला निघाल्या. मी टाकीपुढे आडवा झालो. शेवटी पाच मिनिटं विजेरी मारूनही अळी सापडेना, तेव्हा तडजोड निघाली. ताईंनी नोंद केली, पण जाताना बजावलं, "मासे नसतील तर आमच्याकडून गप्पी न्या. आरोग्य केंद्रात टाकीभर आहेत. फुकट." फुकट हा शब्द ओटीवरच्या सगळ्यांनी ऐकला आणि माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं.

खरी अडचण पुढेच होती. जिवाणूंना वस्तीला बोलवायचं तर त्यांच्या जेवणाची सोय आधी पाहिजे. मासे नाहीत, तर अमोनिया कुठून आणायचा? त्यावर जगभर मान्य असलेला उपाय म्हणजे एक कोळंबी टाकीत टाकून कुजू द्यायची. जगाला हा उपाय सोपा वाटतो, कारण जग पोफळीला राहत नाही.

मासेवाल्या मावशी दारावर आल्या. गणपती जाऊन पितृपक्ष लागला होता, विक्री मंद होती, त्यामुळे मावशींचा स्वभाव मऊ होता.

"मावशी, एक कोळंबी द्या."

"एक वाटा?"

"वाटा नको. एक. एकच कोळंबी."

मावशींनी टोपलीवरचा हात मागे घेतला. "घरात कोन आजारी हाय काय?"

"नाही हो. टाकीत टाकून कुजवायची आहे."

एवढं बोलायला नको होतं, पण कोकणात कोळंबीबद्दल खोटं बोलणं मला जमत नाही. मावशी उठून उभ्या राहिल्या. "माझ्याकडचा म्हावरा कुजत नाय! दाभोळचा हाय, सकाळचा हाय. कुजका पायजे तर दुसरीकडं बगा." समजूत काढायला बराच वेळ गेला. अखेर त्यांनी एक कोळंबी काढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि जाताना "पोराबाळांचं घर हाय, नीट खावा" असं आमच्या हिला सांगून गेल्या. पुढच्या खेपेला पहिला प्रश्न तोच. "कुजली काय?"

"नाही अजून नीट."

मावशींची मान ताठ झाली. आमच्या टाकीतली कोळंबी इतके दिवस टिकली, ही जाहिरात त्यांनी वरच्या वाडीपर्यंत केली.

ती कोळंबी मी मुलीच्या जुन्या मोज्यात बांधून सोडली होती. आईने मोजा बघितला तेव्हा ती काही बोलली नाही. आतली कोळंबी बघितली तेव्हा बोलली. एका बाजूला चांगली कोळंबी वाया घालवली याचं दुःख, दुसऱ्या बाजूला घट बसायला आलेले. "अरे, नवरात्रात घरात कोळंबी? तीसुद्धा कुजकी? घट बसायच्या आत ती बाहेर गेली पाहिजे." तोवर मोज्यात उरलं होतं ते टरफल. ते काढलं. पण बाकीची कोळंबी आता अमोनिया होऊन 190 लिटर पाण्यात विरघळली होती, तिला कसं बाहेर काढणार? आई यावर विचार करून शुद्धीसाठी चार थेंब गोमूत्र शिंपडते म्हणाली. मी घाबरून नको म्हणणार, इतक्यात मुलगी म्हणाली, "टाकू दे ना आजीला. त्यात युरिया असतो. युरियाचा अमोनियाच होणार." शास्त्र आणि सोवळं इतक्या सहज एका वाटीत आलेलं मी दुसरीकडे बघितलेलं नाही. आजी आणि नात दोघींनी मिळून ते शिंपडलं, आणि जिवाणूंचा नवरात्राचा फराळ झाला.

डोंबिवलीच्या आत्याचा फोन तर पितृपक्षापासूनच रोज यायचा. टाकी ईशान्येला आहे ना, मासे नऊच आणा, आठ सोनेरी आणि एक काळा, घरावरची पीडा काळ्यावर जाते. आता सोनेरी मासा म्हणजे गोल्डफिश, हा खाण्यात आणि पुढच्या उद्योगात सगळ्या माशांचा काका. तसले नऊ या टाकीत सोडले तर पीडा बाहेरून यायची गरजच उरत नाही. पण आत्याला हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हटलं, "आत्या, पक्ष पंधरवडा आहे. या दिवसांत नवीन काही घरात आणू नये म्हणतात." आत्या एकदम गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदा भाच्याने तिला शास्त्र सांगितलं होतं.

तपासणीच्या बाटल्या आल्या तेव्हा टाकीला खरी प्रतिष्ठा मिळाली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, रंग बघायचा. पिवळं म्हणजे अमोनिया नाही, हिरवं म्हणजे आहे. नायट्राइटला निळ्यापासून जांभळ्यापर्यंत. संध्याकाळी फिरायला निघालेली मंडळी हे बघायला थांबायला लागली. गावातल्या निम्म्या मोठ्या माणसांना साखर, त्यामुळे रिपोर्ट ही सगळ्यांची मातृभाषा. "किती आलं?" "अमोनिया उतरतोय, नायट्राइट वाढलंय." "उपाशीपोटी घेतलं की जेवणानंतर?" एकाने कारल्याचा रस सुचवला. दुसऱ्याने सांगितलं की त्याचा मेहुणा पुण्याला दाखवून बरा झाला.

मधेच गाडी अडली. आमच्या पऱ्याचं पाणी मऊ, त्यात चुना फारसा नाही. जिवाणू काम करतात तेव्हा आम्ल तयार होतं, मऊ पाण्याला ते पेलत नाही, पीएच उतरतो आणि जिवाणू सुस्तावतात. पाण्याला चुना पाहिजे. उपाय बाजारात विकत मिळतो; इथे तो ताटात मिळतो. दसरा उलटल्यावर घरात तिसऱ्या आल्या, सगळ्यांनी टाकीच्या भल्यासाठी दोन-दोन वाट्या जास्त खाल्ल्या, आणि शिंपा उकळून, घासून फिल्टरमध्ये ठेवल्या. पाणी सुधारलं. आमच्या हिला तोवर या छंदात काही राम वाटत नव्हता. आता ती म्हणाली, "अहो, चुना अजून कमी पडतोय काय बघा."

वाळूवरूनही प्रश्न आले. पऱ्यातली दोन घमेली धुऊन घेतली होती, तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "रॉयल्टी भरलीत काय?" नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असते, जी गावाला वाचवते आणि जिवाणूंना मारते, म्हणून वर भर घालायचं पाणी आधी दिवसभर उघड्या बादल्यांत ठेवायचं. बादल्या मोकळ्या नाहीत म्हणून घरात धुणं अडलं, आणि मग घरातच प्रश्न आला, मासे कधी आणताय?

विजेचं काय सांगावं! पोफळीच्या डोंगराच्या पोटात 600 मेगावॉट, सगळे टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर धरून 1,960 मेगावॉट. माझा फिल्टर पंधरा वॉटचा. परतीच्या पावसात घाटाच्या अंगाला कुठेतरी झाड तारेवर आडवं होतं आणि हे पंधरा वॉट तेवढे आमच्यापर्यंत पोचत नाहीत. फिल्टर थांबला की स्पंजावरच्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. मग घरातला प्रत्येक जण आळीपाळीने तांब्याने पाणी उपसून उंचावरून परत टाकीत सोडणार. काका मेणबत्ती धरून उभे. "हेड वाढवा, हेड वाढवा," असं ते ओरडत होते. मुलीने स्टुलावर चढून वाढवला.

आणि एका सकाळी दोन्ही नळ्यांचे रंग निर्दोष आले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट मात्र आहे. म्हणजे मंडळी वस्तीला आली, कामाला लागली. मासे आणायला हरकत नव्हती. कोणते आणायचे यावर वाडीत दोन तट होते, पण मुलीने कुणाला न विचारता निकाल लावला. ती आरोग्य केंद्रात गेली आणि आशाताईंकडून पिशवीभर गप्पी घेऊन आली. गप्पीला चुनकट पाणी मानवतं, उबदार हवा चालते, आणि मुख्य म्हणजे ते फुकट होते.

बातमी पसरली. सगळे आले. काचेला नाकं लावून बघितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "हे? हे तर आमच्या विहिरीत हायत." मावशींनी त्यांच्या आकाराचा हिशेब मनातल्या मनात केला आणि टोपली उचलली. आत्याने फोनवर विचारलं, काळा आहे का एखादा? काका म्हणाले, आता पाणी हललं तर काय समजायचं? मासे दोन मिनिटांत बघून होतात. त्यांच्याबद्दल कुणाला सल्ला देता येत नाही, कुणाला चूक काढता येत नाही. ते पोहतात आणि आपण बघतो. रिकाम्या टाकीसाठी आलेला माणूस मात्र तासभर बसायचा, चहा घ्यायचा आणि उद्या पुन्हा यायचा. माणसं जोडायची असतील तर मासे नकोत, हा या सगळ्याचा एकमेव निष्कर्ष.

पण वाडीचा उत्साह असा वाया जात नाही. दर रविवारी टाकीतलं चाळीसेक लिटर पाणी काढून नवं घालावं लागतं. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडांना खतच. काकांनी त्याला अधिकृतपणे अवजल म्हणायला सुरुवात केली आणि तिथेच घात झाला. कोयनेचं अवजल समुद्राला जातं, त्याचं काय करावं यावर राज्यात वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. आमच्या अवजलावर दोन रविवारांत भांडण लागलं. आईला ते अळवाला पाहिजे, हिला शेवंतीला, आणि काकूंचा दावा असा की काकांच्या सल्ल्यावर टाकी उभी राहिली तेव्हा एक बादली त्यांच्या कढीपत्त्याचा हक्कच आहे. कृष्णेच्या पाण्यासाठी बच्छावत लवाद बसला आणि कोयनेतून पश्चिमेला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी ही मर्यादा ठरली, हा दाखला देऊन काकांनी लवादाचं काम स्वतःकडे घेतलं. निवाडा असा, की अळवाला दोन बादल्या, शेवंतीला एक, कढीपत्त्याला एक. लवादाच्या बायकोचा कढीपत्ता लाभक्षेत्रात कसा आला, अशी हरकत आमच्या हिने नोंदवली आहे. सुनावणी येत्या रविवारी, पाणी बदलायच्या वेळी, आमच्या ओटीवर. चहा होईल.